शाळेची जागा आषाढात पाहावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर एक छायाचित्र हमखास येते. सरकारी शाळेचा वर्ग, मधोमध बादली, बादलीभोवती सरकवलेले बाक आणि छताला पिवळट ओघळ. खालचा मजकूरही ठरलेला असतो : निकृष्ट बांधकाम, ठेकेदारावर कारवाई करा. ठेकेदाराची वकिली आम्हाला करायची नाही, सिमेंट खाणारे ठेकेदार आहेतच. पण त्या फोटोत आम्हा वास्तुविशारद-अभियंत्यांना ठेकेदाराच्या आधी एक वेळापत्रक दिसते.

सरकारी इमारतीचे वर्ष साधारण असे जाते. पावसाळ्यात कामांची यादी या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. प्रशासकीय मंजुरी दिवाळीच्या मागेपुढे येते. एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी आणि निविदा यांत डिसेंबर-जानेवारी जातो. वर्क ऑर्डर फेब्रुवारीत हातात पडते आणि निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो. मग स्लॅब मार्चमध्येच ओतला जाणार. बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी-अथणीची काळी माती तेव्हा आवळून भेगाळलेली असते, त्या भेगांतच पाया खणला जातो. खानापूरकडचा चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, खाणीतून काल निघालेला आणि अजून ओला असतो. स्लॅबला पाणी टँकरचे. मग वळीव येतो, त्यामागून मिरग, आणि इमारतीची पहिली परीक्षा होते. या सगळ्यात जागा पाहायला जो कोणी आला तो जानेवारीत, कोरड्या खडखडीत हवेत आला. पाणी कुठून येते, कुठे साठते, झड कोणत्या बाजूने मारते, हे कोणी पाहिलेलेच नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, सार्वजनिक इमारतीचा नकाशा काढणारा वास्तुविशारद याच भागातला असावा आणि पेन्सिल उचलण्यापूर्वी त्याने ती जागा आषाढात पाहिलेली असावी. ही मागणी किती व्यवहारी आहे ते दाखवायला थोडा तपशील द्यावा लागेल.

आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखा जिल्हा कर्नाटकात दुसरा क्वचितच सापडेल. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला जेवढा पाऊस पडतो, त्याचा एक लहानसा हिस्साच अथणीला पडतो. खाली जमीनही सगळीकडे वेगळी. खानापूर-बेळगावच्या पश्चिमेला जांभा, उत्तरेला काळा दगड आणि त्यावरची काळी माती, गोकाककडे तांबूस वालुकाश्म. एवढ्या सगळ्याला नकाशा मात्र एकच. खात्यात त्याला टाइप प्लॅन म्हणतात. दोन खोल्या, पुढे सात फुटी व्हरांडा, वर सपाट स्लॅब. जांबोटीला तोच आणि कागवाडलाही तोच. एस्टिमेट लवकर होते हा त्याचा मोठा गुण, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात दिशा नसते. जागेप्रमाणे तो फिरवला जातो, आणि व्हरांडा रस्त्याकडे हवा या एका नियमापायी पश्चिमेच्या झडीला वर्गाच्या खिडक्या उघड्या पडतात.

छताचाच हिशेब मांडू. दोन खोल्या आणि व्हरांडा मिळून स्लॅब साधारण १४० चौरस मीटर. खानापुराच्या पश्चिम पट्ट्यात ताशी १०० मिलिमीटरची सर हिशेबात धरावीच लागते. म्हणजे तासाला १४ घनमीटर, १४ हजार लिटर पाणी. १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप अशा सरीत साधारण ४३ चौरस मीटर छताचे पाणी नेतो, तेव्हा असे चार पाइप लागतात, आणि एक तुंबला तर म्हणून पाचवा. प्रत्यक्षात पॅरापेटमधून, म्हणजे छताच्या कठड्यातून, दोन-दोन इंची चार तोट्या काढलेल्या दिसतात. शेजारच्या झाडाचा पाला पहिल्याच पावसात दोन तोट्या बुजवतो आणि स्लॅबचे तळे होते. उतार शंभराला एक असा कागदावर असतो, कोब्यात तो गवंड्याच्या नजरेवर सोडलेला असतो. पॅरापेट आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा भरायचा असतो. तो नसला की पहिली भेग तिथेच पडते. बादलीतले पाणी बहुतेकदा मधल्या स्लॅबमधून येतच नाही. ते या कोपऱ्यातून शिरते, सळईच्या कडेने चालते आणि वर्गाच्या मध्यावर येऊन टपकते. म्हणून वरून डांबर ओतणारा चुकीच्या जागी ओततो.

मार्चच्या स्लॅबला आणखी एक रोग आहे. सकाळी अकराला ओतायला सुरुवात झाली, ऊन कडक आणि वारा सुटलेला, तर काँक्रीटच्या वरच्या थरातले पाणी दोन-तीन तासांतच उडून जाते आणि केसासारख्या भेगा पडतात. संध्याकाळी गवंडी त्यावर सिमेंटचे पाणी फिरवून त्या बुजवतो, म्हणजे दिसेनाशा करतो. उपाय फुकटचा आहे. ओतकाम ऊन उतरल्यावर घ्यायचे, वरची ओल दिसेनाशी होताच ओले गोणपाट टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी आळी बांधून पाणी भरायचे. आजकाल सगळीकडे मिश्र सिमेंट येते. त्याला आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक किमान १० दिवस ओल सांगते आणि आमच्या उन्हाळ्यात १४ दिवस ठेवलेली बरी. अथणी तालुक्यात एप्रिलमध्ये प्यायच्या पाण्याचे हाल असताना स्लॅबवर चौदा दिवस पाणी कोण ठेवणार? मुकादमाला दोष देऊन भागत नाही. तारीखच चुकलेली असते.

मग दोन-तीन वर्षांनी त्या स्लॅबवर लोखंडी पाइपांचा सांगाडा चढतो आणि रंगीत पत्रे लागतात. बेळगाव शहरात हे आता इतके सवयीचे झाले आहे की, घर बांधतानाच लोक पत्र्याचे पैसे बाजूला काढतात. शाळेचेही तेच. एका इमारतीला जनतेच्या पैशातून दोन छपरे! आम्ही याला हसत नाही. लोकांनी आपल्यापुरते काढलेले ते उत्तर बरोबर आहे, कारण नुसत्या पत्र्याखाली धो-धो पावसात शिकवणे अशक्य होते आणि नुसता स्लॅब गळतो. दोन्ही मिळून शांतता आणि कोरडेपणा मिळतो. पण हेच जर होणार असेल, तर ते आधीच आखून का करू नये?

खानापूरची कौले एके काळी या भागाची ओळख होती. माती तिथलीच, भट्ट्या तिथल्याच. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. वरच्याच दोन खोल्यांवर ३० अंशाचे कौलारू छप्पर घालायचे आणि चारही बाजूंना पाऊण मीटर वळचण सोडायची, तर छपराचे क्षेत्र २०७ चौरस मीटरच्या आसपास होते. चौरस मीटरला १५ मंगळुरी कौले धरली तर ३,१०० आणि फुटतुटीची पाच टक्के मिळून सव्वातीन हजार. सांगाडा लाकडाऐवजी लोखंडी पाइपचा, रिपांमधले अंतर कौलाच्या मापाने, हातातले कौल लावून पाहून ठरवायचे. पुस्तकातला आकडा घेतला की एक तर कौल निसटते किंवा त्याची चोच बसत नाही. खालून सपाट सीलिंग कौलांचा दुसरा थर दिला तर मधल्या हवेमुळे उन्हाळा सुसह्य होतो आणि आवाजही मरतो.

एवढे सगळे असून खाते कौले का टाळते? कारण खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कौले दर वर्षी मिरगाच्या आधी परतावी लागतात, माकडांनी आणि चेंडूंनी फोडलेली बदलावी लागतात. त्याला दोन माणसांचे तीन दिवस आणि शंभर-दीडशे कौले पुरतात. पण बांधायला पैसे देणारे खर्चाचे शीर्षक वेगळे आणि देखभालीचे वेगळे, आणि दुसरे बहुधा रिकामे. मुख्याध्यापकांनी पाच-सात हजारांसाठी किती पत्रे लिहायची? स्लॅबला निदान दहा वर्षे कोणी काही मागत नाही, असा समज आहे. शिवाय ‘पुढे वर मजला चढवू’ ही आशा. पटसंख्या घटत चाललेल्या खेड्यांतल्या शाळांवर तो मजला कधी चढायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चिऱ्याबद्दल थोडे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्या हवेत कडक होत जातो. त्याला निदान तीन महिने रचून ठेवावे लागते. फेब्रुवारीची वर्क ऑर्डर आणि मार्चचा स्लॅब यांत हे तीन महिने कुठून आणायचे? आयएस ३६२० प्रमाणे चिऱ्याने १२ टक्क्यांहून अधिक पाणी पिता कामा नये. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानाचा काटा पुरतो. १४ × ९ × ७ इंची चिरा सुमारे ३० किलो भरतो. कोरडा तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. साडेतीन किलोपेक्षा वजन वाढले तर ती गाडी परत. पांढुरक्या मातीचे खिसे असलेला चिराही परत, तो पाच पावसाळ्यांत त्या खिशातून पोकळ होतो. आणि चांगल्या चिऱ्यावर बाहेरून कडक सिमेंटचा गिलावा थापणे हा तर उलटा न्याय. गिलाव्याला केसभर भेग पडते, पाणी आत जाते, बाहेर यायला वाट नसते, मग आतल्या भिंतीचा रंग पोपडे धरतो. चिरा उघडा ठेवून चुना मिसळलेल्या मालाने सांधे भरावेत, वळचण तीन फूट पुढे काढावी आणि पागोळी जोत्याच्या फरशीपलीकडे पडेल असे पाहावे. आयएस १८९३च्या २०१६च्या नकाशात बेळगाव भूकंपक्षेत्र तीनमध्ये आहे, तेव्हा चिऱ्याच्या भिंतीला जोते, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) आणि छप्पर अशा तिन्ही पातळ्यांवर सलग काँक्रीटचा पट्टा हवाच. टाइप प्लॅनमध्ये लिंटेल खिडकीपुरते असते.

एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. छज्जाच्या तळाला, पुढच्या कडेपासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची एक खाच असते. गवंडी तिला ड्रिप म्हणतात. सेंट्रिंगच्या फळीवर अर्ध्या इंची प्लॅस्टिक पाइप उभा चिरून पालथा ठेवला आणि काँक्रीट ओतले की ती आपोआप तयार होते. खर्च चहापाण्याचा. ती नसली की पावसाचे पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून आत सरकते, खिडकीच्या चौकटीवर उतरते आणि चार वर्षांत चौकट कुजते किंवा गंजते. बहुतेक एस्टिमेटांत तिला वेगळी ओळ नाही, वेगळा दर नाही, म्हणून ती मोजमाप पुस्तकात येत नाही, म्हणून होत नाही. साइटवर आलेला वास्तुविशारद मान वर करून आधी तीच खाच शोधतो.

आता काळी माती. निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी या भागांत दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग नसलेली सरकारी इमारत दाखवा, असे म्हणायची वेळ आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आवळते. दर वर्षी इमारत एका कडेने उचलली जाते, पुन्हा खाली बसते. मातीची जात ओळखायची परीक्षा कोणत्याही पॉलिटेक्निकमध्ये होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेली वाळवलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम दोन नळकांड्यांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी पाहायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर झाली तर फुगवटा ८० टक्के. ५०च्या वर गेला की नेहमीचा उथळ पाया विसरायचा. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर तिथपर्यंत जावे. लागत नसेल तर तळाशी कंद असलेले काँक्रीटचे खोल खांब, म्हणजे अंडररीम्ड पाइल, कंदाचा व्यास खांबाच्या अडीचपट, खोली निदान साडेतीन मीटर, आणि वरची बीम जमिनीला टेकू न देता मध्ये तीन-चार इंच पोकळी. ही पोकळी ठेवायची असते हेच साइटवर माहीत नसते. बीमखाली माती ठोकून भरतात, ती फुगते आणि बीमच वर उचलते. इमारतीभोवती दीड मीटर रुंदीची बाहेर उतरती फरशी आणि छपराचे पाणी पायापासून लांब नेणारे गटार हवे. फरशीचे हे काम एस्टिमेटात शेवटी असते आणि पैसे संपतात तेही शेवटीच.

नदीकाठाला आणखी एक हिशेब आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा एकाच वेळी फुगल्या, तेव्हा गावोगावच्या शाळाच गंजी केंद्रे (पूरग्रस्तांची निवारा केंद्रे) झाल्या. ज्या शाळांत पाणी शिरले त्या लोकांना आसरा देऊ शकल्या नाहीत. त्या पुराची खूण अजून अनेक भिंतींवर दिसते. नव्या शाळेचे जोते त्या खुणेच्या निदान दोन फूट वर हवे. जोते दोन फुटांनी वाढले की भराव, पायऱ्या, अपंगांसाठी बारास एक उताराचा रॅम्प, सगळेच बदलते. दोन फुटाला चोवीस फूट रॅम्प लागतो, तो अंगणात बसवायचा तर नकाशाच फिरतो. ठरावीक नकाशाला दीड फुटाचे जोते ठाऊक.

समुदाय भवनांचे दुखणे निराळे आहे. पंचवीस माणसांची ग्रामसभा आत बसवली की कोणाचे बोलणे कोणाला कळत नाही. माइक लावला की आणखी घुमते. २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच असे सभागृह घ्या. घनफळ १,२०० घनमीटर, भिंती-छत-फरशी मिळून ८०० चौरस मीटर, सगळे गुळगुळीत आणि कडक. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला आठ सेकंद लागतात. लग्नाला अडीचशे माणसे दाटली की हीच वेळ दीड सेकंदाच्या आसपास येते, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज पितात. म्हणून लग्नात कोणी तक्रार करत नाही आणि सभेला पन्नास माणसे आली की साडेचार सेकंद घुमते. मागची भिंत आणि छताचा काही भाग मिळून १५० चौरस मीटरवर लाकडी तंतूंचे सच्छिद्र बोर्ड मागे दोन इंच पोकळी ठेवून लावले, तर पन्नास माणसांतही आवाज दीड सेकंदात विरतो. हा कागदावर दहा मिनिटांचा हिशेब आहे. तो कोणी मांडत नाही, कारण तो मांडायला कोणाला नेमलेलेच नसते. भजनी मंडळांनी मात्र आपली सोय केव्हाच केली. ती व्हरांड्यात बसतात.

नेमणूक हाच प्रश्नाचा गाभा आहे. आपल्या भागातले मूल पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यापूर्वी नाटा ही परीक्षा, मधले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, मग १९७२च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी, एवढे पार करून वास्तुविशारद होते. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय तर १९९८पासून बेळगावातच आहे. पण तो कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाचे रक्षण करतो, कामाचे नाही. नोंदणी नसलेल्याने नाव लावू नये, नकाशा काढला तर मनाई नाही, हे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले. त्यामुळे दोन खोल्यांच्या शाळेला वास्तुविशारद लागतोच असे कुठे लिहिलेले नाही. मोठ्या कामांना सल्लागार नेमतात तेव्हा १९९९च्या पारदर्शकता कायद्याखाली निविदा निघते. त्यातल्या अटी पाहिल्या तर मागच्या तीन वर्षांची उलाढाल, त्याच आकाराच्या कामाचा अनुभव, अनामत. बेळगावातल्या तिघांच्या कार्यालयाला त्या झेपत नाहीत. मग बेंगळूर-पुण्याच्या कंपन्या येतात, आणि त्यांचा माणूस विमानाने सांबऱ्याला उतरतो तोही बहुधा जानेवारीतच.

लहान कामाचे अर्थकारणही पाहा. समजा ३० लाखांची शाळा आणि ४ टक्के मेहनताना : १ लाख २० हजार. त्यात पंधरा-सोळा नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा वाटा, मातीची परीक्षा आणि दहा-बारा साइट भेटी. बेळगावहून अथणीला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. दहा टक्के टीडीएस आधीच कापला जातो, आणि शेवटचा हप्ता पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर, म्हणजे ‘साहेब बदलून गेले’ या उत्तरानंतर. एकेक शाळा अशी घेतली तर कोणीही दोन भेटींत काम उरकणार. पण एका तालुक्यातल्या बारा शाळा मिळून एकाच कार्यालयाला दिल्या, तर ३ कोटी ६० लाखांवर ४ टक्क्यांनी १४ लाख ४० हजार होतात. तीन माणसांचे लहान कार्यालय त्यावर वर्ष काढते, एका फेरीत तीन साइट पाहते आणि पहिल्या शाळेतली चूक तिसरीत सुधारते. टाइप प्लॅनला ही शेवटची गोष्ट कधीच जमत नाही.

हे नवीन काही नाही. आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे जे. जे.त शिकले, हार्वर्डला जाऊन आले आणि आयुष्यभर मुख्यतः सार्वजनिक संस्थांच्याच इमारती रचत राहिले. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत गरम हवा बाहेर काढायला लागणारे उंच शाफ्ट हेच त्या इमारतीचे रूप झाले. केरळात लॉरी बेकरांनी पोकळी ठेवून रचलेल्या विटांच्या भिंतीने पाव हिस्सा विटा वाचवून दाखवल्या, आणि १९८०च्या दशकात तिथल्या कोल्लमला पहिले निर्मिती केंद्र निघाले : स्थानिक साहित्य, कमी खर्च, गवंड्यांचे प्रशिक्षण हे त्याचे काम. आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यात निर्मिती केंद्रे आहेत, पण त्यांच्याकडून आता मुख्यतः बांधकाम करून घेतले जाते. प्रशिक्षणाचा मूळ हेतू परत आणता येईल. इथेही एक सावधगिरी हवी. बेकरांचे नाव घेऊन कणकुंबीला उघड्या विटेची जाळी उभारली तर आषाढात वर्गात धबधबा येईल. ती अथणीला शोभते. प्रादेशिक म्हणजे शैली नव्हे, हे आमच्याच व्यवसायातल्या अनेकांना सांगावे लागते.

आमच्या व्यवसायाचे दोषही लपवत नाही. नोंदणी क्रमांक भाड्याने देऊन नकाशावर सही ठोकणारे आमच्यात आहेत. पतसंस्थेच्या इमारतीला पश्चिमेकडे आख्खी काच लावून आत चार एसी बसवणारे आहेत. तरुणांचीही एक अडचण आहे. सरकारी कामाचा सगळा पत्रव्यवहार कन्नडमधून, नकाशावरच्या टिपा इंग्रजीत आणि साइटवर गवंड्याशी बोलणे मराठी, कन्नड किंवा हिंदीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी दप्तराची कन्नड नीट शिकून घ्यावी. मंजुरीचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याला एस्टिमेटातली ओळ बदलून मागता येत नाही. सुरुवात सहकारी सोसायट्या, वाचनालये, शिक्षणसंस्था यांच्या कामांतून करावी. तिथे अकरा संचालक अकरा मते देतात आणि प्रवेशद्वाराच्या दिशेवर दोन बैठका जातात हे खरे, पण बिल मिळते आणि गळले तर दारात येऊन सांगणारी माणसे असतात.

हलग्याच्या सुवर्णसौधावर, म्हणजे विधिमंडळाच्या इथल्या इमारतीवर, २०१२पासून पुष्कळ शाई खर्च झाली आहे, त्यात आम्ही भर घालत नाही. जिल्हा पंचायतीकडे मागणे लहान आहे. पुढच्या वर्षीच्या शाळा, अंगणवाड्या आणि ग्रामपंचायत इमारतींच्या जागा जूनमध्येच निश्चित कराव्यात, मंजुरी नंतर आली तरी चालेल. तालुकावार दहा-बारा कामांचा एक गट करून उलाढालीच्या अटीऐवजी मागच्या कामांची पाहणी करून स्थानिक वास्तुविशारद नेमावा. मेहनतान्याचा दहावा हिस्सा दुसरा पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावा, त्याला आमची हरकत नाही. स्लॅब डिसेंबर-जानेवारीत ओतावेत. आणि पाहणीसाठी एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) एक सदस्य, गावचा एक जुना गवंडी आणि छत्री, एवढे सोबत द्यावे. गवंड्याला ओढ्याचे पाणी कुठवर येते ते माहीत असते.

या पावसाळ्यात गळत असलेल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. डांबर टाकण्यापूर्वी पाऊस थांबल्यावर तासाभराने छतावर कोणाला तरी चढवा, पाणी कुठे साठले आहे तिथे खडूने रेघ मारा आणि वरून फोटो काढून ठेवा. आतल्या बादलीच्या फोटोपेक्षा दुरुस्तीच्या एस्टिमेटला तोच जोडावा.

आपले,
बेळगाव, खानापूर व चिक्कोडी भागात काम करणारे काही वास्तुविशारद आणि स्थापत्य अभियंते